परक्या चिखलात, आपल्या चिखलात

सत्यभामाला गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला वाटलं ही मोठी गाणारी. आवाज म्हणाल तर फुटक्या मडक्यात खडे घालून हलवावं, तसा. लग्न होऊन दिघोरीला आली त्याच वर्षी सासूने, शकुनबाईने, निकाल लावून टाकला. गोठ्यात शेण काढता काढता सून काहीतरी गुणगुणली, तर म्हातारी ओसरीवरून ओरडली, "चूप बस वं माय! बैल बुजतेत."

सून चूप बसली. पण तोंड मिटलं म्हणून डोकं थोडंच मिटतं? तिच्या डोक्यात दिवसभर काहीतरी जुळत असायचं. चुलीवर पेज रटरटली की त्या रटरटीवर दोन शब्द बसायचे, विहिरीचा रहाट करकरला की त्यांना जोडून आणखी दोन. सगळ्यांच्याच डोक्यात असं होत असणार, शिंक येते तसं, अशी तिची समजूत. म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. आपल्याला शिंक आली, हे कोणी गावभर सांगत फिरतं का?

दिघोरीचा सगळा संसार धानाचा. तलावाच्या खाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं. पाऊस लागला की एका कोपऱ्यात दाट पेरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत दोन-चार रोपांची एकेक चूड रोवत जायचं. हा रोवणा. बाया ओळीने वाकतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. जगातली बाकी कामं माणूस पुढे बघून करतो, हे एक काम मागे मागे जात करायचं. पाठ मोडते, पायांची बोटं कुजतात. गाणं नसेल तर बाई दुपारपर्यंत उभी राहायची नाही. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि सगळ्यांचे हात त्या तालावर पडायचे. गाणं अडलं की रोवण्याची ओळ वाकडी होते. मग बांधीचा मालक धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या बांधावरून, शिव्या घालतो.

आणि त्या वर्षांत दिघोरीची गाणारी, म्हातारी ताराबाई, खोकल्याने बसली होती. बाया मुक्याने रोवत होत्या.

त्र्याहत्तर साली शेजारच्या तुलारामची बायको म्हणून गोदावरी आली. माहेर बपेऱ्याचं, पार तिकडे तुमसरच्या वर, मध्यप्रदेशाच्या शिवेला. बोलणं अर्धं हिंदी. अंगाने काडी. पण रोवण्याच्या पहिल्या दिवशी बायांनी "नवरीनं गाणं म्हणावं" असा हट्ट धरला आणि तिने तोंड उघडलं, तर तीन बांध्या पलीकडे चिखल करत असलेल्या गड्याने बैल थांबवले. आवाज वर जायचा आणि तिथेच राहायचा, घारीसारखा. खाली यायची घाईच नाही.

फक्त तिला गाणी तीनच येत होती. तीही माहेरची. पहिल्या दिवशी बायांनी ती डोक्यावर घेतली, दुसऱ्या दिवशी सहन केली, आणि तिसऱ्या दिवशी रुखमिणी बोललीच. रुखमिणी म्हणजे वासुदेवरावाची बायको. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

"काय वं गोदावरी, तुमच्या बपेऱ्यात तीनच गाणे पिकतेत का? का चौथं एस.टी.तच राहून गेलं?"

ओळ हसली. गोदावरीचे कान लाल झाले. तिने चाल धरली, सूर लावला, पण पुढे शब्दच नाहीत. नुसता सूर चिखलावर लोंबकळत राहिला. सत्यभामा तिच्या डाव्या बाजूला वाकलेली. तिला ते बघवेना म्हणून, की आपसूकच झालं, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मान वर न करता ती कुजबुजली,

"रुखमिणीचा धनी गेला वरठीच्या ठेसनाले..."

गोदावरीने ते उचललं. लगेच पुढची ओळ कानात आली, तीही उचलली,

"गाडी गेली निंगून, हा बसला चहा प्यायले."

ओळीतल्या बाया इतक्या हसल्या की हातातले पऱ्हे चिखलात पडले. वासुदेवराव वरठीला, भंडारा रोड स्टेशनवर, बसून राहिला आणि नागपूरची गाडी त्याच्यासमोरून निघून गेली, हे गावाला माहीत होतं. खरं म्हणजे तो चहा पीत नव्हता, तंबाखू मळत होता. पण तंबाखू चालीत बसत नव्हती. रुखमिणी स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसली आणि म्हणाली, "हे गाणं चांगलं होय! हे काहून लपवून ठेवलं होतंस वं?"

गोदावरीने सत्यभामाकडे पाहिलं. सत्यभामाने मान खाली घातली. शिंक आली होती, बस.

त्या दिवसापासून दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. सत्यभामाने ओळ सोडायची, गोदावरीने ती वर न्यायची, बायांनी झेलायची. हळूहळू सत्यभामाला गोदावरीचा श्वास कळायला लागला. कुठे तो भरतो, कुठे तुटतो, कुठल्या जागी आवाज वर चढतो. चढणीच्या जागी जड शब्द ठेवला तर गोदावरी दमते, तिथे तोंड उघडं राहील असा शब्द द्यायचा. हे तिला कोणी शिकवलं नाही. ओझं घेऊन कोणासोबत चालायचं असलं की आपण आपोआप त्याची पावलं बघतो, तसंच हे.

तिसऱ्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी गोदावरीने तिला तलावावर नेलं. तिच्या माहेराकडे त्या दिवशी भुजली करतात. टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तलावात सोडायचे, आणि त्यातले दोन कोंब जिच्याशी जीव जुळला तिच्या कानामागे खोवायचे. ती मग जन्माची भुजली. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. अट एकच, त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. मेलं तरी नाही. हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच.

"नाव घेतलं तं काय होते?" सत्यभामाने विचारलं.

"पाप लागते. नातं सुकते," गोदावरी म्हणाली. "नवऱ्याचं नाव घेतेस का?"

"त्याचं तं घ्यावंच वाटत नाही."

दोघी हसल्या. शकुनबाईला हे थेर पसंत नव्हते. "हे तिकडचे रिवाज इकडं कायले?" म्हणून ती आठ दिवस कुरकुरली. पण त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचं नाव तोंडात आणलं नाही.

गोदावरीचं नाव मात्र गावोगाव झालं. आसपासच्या गावांतले बांधीवाले सांगून ठेवू लागले, "रोवण्याले गोदावरीची ओळ पाहिजे." सत्यभामा त्या ओळीतली एक बाई. तिला त्याचं वाईट वाटत होतं का? आता खरं सांगायचं तर तिला काय वाटत होतं हेच तिला धड कळत नव्हतं. आपण गाणी करतो, असा विचार तिच्या मनात कधी आलाच नाही. आपण आठवण देतो, असं ती समजायची. पण आठवण कशाची? कधीतरी गोदावरी विचारायची, "भुजली, तुले इतके गाणे कोणं शिकवले वं?"

"मालूम नाही. असतीन कुठं आयकले."

आणि मग ती खरोखरच आठवायला बसायची. आईने म्हटलं होतं का? आई तर गातच नसे. आजीने? आजी हिच्या जन्माआधी गेलेली. वासुदेवरावाची गाडी चुकल्याचं गाणं आजीला कुठून येणार? डोकं गरगरायचं. ती विचार सोडून भांडी घासायला घ्यायची, तर राखेच्या खरखरीवर पुन्हा दोन शब्द.

त्यातलं एक गाणं बायांना फार आवडलं. चिखलात उभं राहून त्याच्या दोन ओळी म्हणायच्या आणि सासरी आलेली प्रत्येकजण त्या पुन्हा म्हणायला लावायची.

"जुडी सुटली वं बाई, मायघर तुटलं,
परक्या चिखलात हिरवं पान फुटलं."

पऱ्ह्यांचं गाणं. पण काय समजायचं ते बायांना समजायचं.

एकोणऐंशी साली भंडाऱ्याहून मधुकरराव आले. कॉलेजात मराठी शिकवणारा, चष्म्याचा, भला माणूस. रोवण्याची गाणी टेपवर घ्यायची, चांगली निघाली तर नागपूरच्या रेडिओवर खेड्यापाड्याच्या कार्यक्रमात लागतील, असं त्यांचं म्हणणं. रोवणा तेव्हा संपला होता. तलावाकाठच्या देवळाच्या सभामंडपात भर दुपारी बाया जमल्या. टेपरेकॉर्डर मांडला, माइक गोदावरीसमोर धरला आणि मधुकरराव म्हणाले, "हं, म्हणा."

गोदावरी उठून उभी राहिली, कमरेत वाकली आणि गाऊ लागली. गाता गाता मागे सरकायला लागली. तिच्यासोबत सगळी ओळ सरकायला लागली. मधुकरराव माइक घेऊन तिच्या मागोमाग. वायर ताणली. टेप ओढला जाऊन घसरला, तो केशवरावाने, सत्यभामाच्या नवऱ्याने, झेलला म्हणून वाचला.

"बाई, एका जागी उभं राहून म्हणता येत नाही का?"

"आता बाप्पा," रुखमिणी म्हणाली, "रोवण्याचं गाणं जागेवर कसं निंगन? समोरचा धान तुडवतेत का?"

शेवटी सगळ्यांना खाली बसवलं. मांडी घातली की मागे सरकता येत नाही. गोदावरीच्या डाव्या कानाशी सत्यभामा बसली, कारण ती नेहमी तिथेच असायची. पाच-सहा गाणी झाली. मधुकररावांना आनंद मावेना. त्यांनी विचारलं, "हे शेवटचं, जुडी सुटलीचं, हे फार सुंदर आहे. हे कोणी रचलं?"

नाव घ्यायचं नाही ना! गोदावरीने डावीकडे हनुवटी उडवली, भुजलीच्या दिशेने. पण त्या दिशेला सगळ्याच बाया बसल्या होत्या. मधुकररावांनी मान डोलावली. "समजलो. सगळ्या बायांचं. परंपरेने आलेलं." आणि ते टेपमध्ये तसंच बोलले.

ते खोटं आहे असं सत्यभामाला वाटलं नाही, आणि खरं आहे असंही वाटलं नाही. पायात काटा मोडावा आणि नेमका कुठे हे सापडू नये, तसं मात्र झालं.

मग टेप उलटा फिरवून त्यांनी गाणं ऐकवलं, आणि गोंधळ उडाला. यंत्रातून गोदावरीचा आवाज येण्याआधी दर वेळी एक खरखर यायची. नीट कान दिला तर खरखरीत शब्द होते. आधी कोणीतरी घोगऱ्या आवाजात ओळ सांगायचं, मग गोदावरी ती गायची.

"अगे माय," रुखमिणी दचकली. "या मशीनले गाणं आधीच मालूम होय!"

"मशीन सांगून राहिली न् गोदावरी म्हणून राहिली," दुसरी म्हणाली. "भंडाऱ्याहून भरून आणलं काय जी?"

बायांना ते पटलंसुद्धा. त्यातल्या एकीनेही आधी टेप पाहिलेला नव्हता. यंत्र बोलतं म्हणजे यंत्राला येत असणार. मधुकरराव गोंधळून बटणं दाबू लागले. सत्यभामा सगळ्यांत गोंधळलेली. आपला आवाज आपल्या कानांनी बाहेरून तिने कधी ऐकलाच नव्हता. ही कोण बाई बोलते आहे, आणि हिला माझे शब्द कसे ठाऊक, असंच तिला खरोखर वाटलं.

केशवराव खांबाला टेकून उभा होता. तो सहज म्हणाला, "हे तं आमच्या घरचं होय. हा आवाज मी रोज आयकतो. 'उठा, बैलाले पाणी दाखवा.' हाच."

मग हशा. त्या हशाने सत्यभामाचं काही गेलं नाही. ज्याचं गेलं ते गोदावरीचं गेलं.

"म्हणजे गोदावरी पोपट होय!" कोणीतरी मागून बोललं. "दाणा दुसऱ्याचा, चोच हिची."

गोदावरी उठली. सत्यभामाने पदर धरला तो तिने सोडवून घेतला. "तू कायले बसली होतीस वं मशीनजवळ? लोकायले दाखवाले?" एवढं म्हणून ती पायऱ्या उतरून गेली. भुजली शब्दही तिने वापरला नाही.

मधुकररावांना काही समजलं, काही नाही. जाताना ते सत्यभामाला म्हणाले, "मी पुढच्या वर्षी येईन. अशी खरखर रेडिओवाले घेत नाहीत, मागून कोणी बोलायला नको. आणि गाणं तुमचं असेल तर तुमचं नाव सांगा, आपण ते लावू. नाही तर पारंपरिक म्हणू. काय ते ठरवून ठेवा."

ठरवून ठेवा म्हणे! जणू चतुर्थीला मोदक करायचे की करंज्या, एवढाच प्रश्न.

वर्षभर सत्यभामा ते ठरवत राहिली. गाणं माझं? मग माझ्या तोंडून ते बैल बुजवणारं का निघतं? गाणं तिचं? मग मी नसताना ती तीनच गाण्यांवर का येते? दोघींचं म्हणावं तर गाणं काय गाय आहे, एकीने धार काढायची न् दुसरीने शेण? तिने केशवरावाला विचारलं. तो म्हणाला, "मले काही त्यातलं समजत नाही. पण गोदावरी येत नाही तवापासून तू लय बडबडून राहिली."

ऐंशीच्या रोवण्यात गोदावरी वेगळ्या ओळीत गेली, तलावाच्या पलीकडच्या अंगाला. इकडच्या बायांना आता ठाऊक होतं शब्द कोणाकडे आहेत. त्या सत्यभामाला म्हणाल्या, "तू सांग, रुखमिणी म्हणन." सत्यभामाने ओळ दिली. रुखमिणीने ती उचलली आणि मध्येच टाकली. चढण आली की तिचा श्वास संपायचा. सत्यभामाने ओळ आखूड केली, तर ती बसकी झाली. तेव्हा तिला कळलं की तिच्या सगळ्या ओळी गोदावरीच्या छातीच्या मापाने कापलेल्या आहेत, जशी एकीच्या अंगाची चोळी दुसरीला होत नाही. रुखमिणी चिडली. "असे शब्द कायले देतेस वं, मधातच जीव जाते!"

आणि मग वारा फिरला. पलीकडून गोदावरीचा आवाज आला. जुडी सुटली, मायघर तुटलं. सत्यभामाचे हात थांबले. दुसरी ओळ आली,

"आपल्या चिखलात हिरवं पान फुटलं."

आपल्या? परक्या होतं ते! सत्यभामा जागीच संतापली. शब्द चोरला असता तरी चाललं असतं, पण बदलला! चिखल परका म्हणूनच तर पान फुटण्यात गंमत आहे. ती रागाने रोवत राहिली, तिचे पऱ्हे वाकडे गेले, आणि धुऱ्यावरून भैय्याजी ओरडले, ज्यांची ती बांधी होती, "बाई, हे रोवणं होय का रांगोळी?"

पण घरी जाताना तीच ओळ तोंडात घोळत राहिली, आणि घोळताना तिच्या लक्षात आलं. 'परक्या' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. नेमक्या त्याच जागी गोदावरीचा आवाज वर चढतो. 'आपल्या' उघड्या तोंडानेच सुरू होतं. गळ्याला उघडं दार हवं होतं, म्हणून तिने शब्द बदलला असेल. अर्थाबिर्थाचा विचारच केला नसेल तिने. आणि तरी, पऱ्हे रोवून चार दिवस झाले, पान फुटलं, की चिखल परका राहतो का? बारा वर्षं झाली सत्यभामाला दिघोरीत. चिखल कोणाचा?

तिला रडू आलं. चांगलं झालं म्हणून की वाईट झालं म्हणून, तेही कळेना. गोदावरीशी बोलायला हवं होतं. पण ज्या गोष्टीवर बोलायचं त्याच गोष्टीवरून बोलणं तुटलेलं. आणि पडवीतून हाक मारायची तर कोणत्या नावाने? नाव घेता येत नाही, आणि 'भुजली' म्हटलं न् तिने ओ दिली नाही, तर? सत्यभामा दोनदा कुंपणापर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

रोवणा संपला आणि मधुकरराव ठरल्याप्रमाणे आले. तोच सभामंडप. या वेळी त्यांनी बजावलं होतं की गाणारी एकटी समोर बसेल, बाकी सगळे खांबांच्या पलीकडे. गोदावरी आली, कारण तुलारामने आणली. "रेडिओवर आवाज येईन, लोकं म्हणतीन कोणाची बायको!" त्याला तेवढंच कळत होतं. सत्यभामा खांबाच्या मागे बसली, आणि आपण कशाला आलो ते तिला सांगता आलं नसतं.

गोदावरीने जुडी सुटलीचं गाणं घेतलं. दोन ओळी झाल्या. तिसरी ठाऊक होती, तीही झाली. चौथीला ती थांबली. सात वर्षं चौथी ओळ तिच्या डाव्या कानातून आली होती. तिने डावीकडे पाहिलं. तिथे खांब होता.

मधुकररावांनी हाताने खूण केली, चालू द्या, चालू द्या. टेप फिरत होता. गोदावरीने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने एक ओळ जुळवली. तिने ती तशीच गाऊन टाकली,

"माही भुजली दिघोरीची, तिच्या घरी लय धान आहे, तिनं मले गाणं देल्लं."

ओळ लांबलचक, तालाला सोडून, शेवटी यमक नाही की काही नाही. सुरेल आवाजात, देवा, इतकी भिकार ओळ! बायांनी तोंडावर पदर घेतले.

सत्यभामा ताडकन उभी राहिली. तिच्याने ते सहन होईना. प्रेम, राग, वर्षभराचा अबोला, सगळं बाजूला राहिलं.

"असं नाही वं भुजली!" ती ओरडली. "धान कायले घातलंस मधात? पाय ना, चाल कुठं चालली!"

"मंग तू सांग ना!" गोदावरी तितक्याच जोराने ओरडली. "तिकडं खांबामागं काय देवाले पहारा देऊन राहिली काय?"

"बाई, टेप चालू आहे!" मधुकरराव म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही. सत्यभामा येऊन डाव्या बाजूला बसली.

"आधी हे सांग, परक्या चिखलाचं आपल्या कोणं केलं?"

"मीनं केलं. परक्यात श्वास कोंडते. तू गाऊन पाय एकडाव."

"श्वास कोंडते म्हणून अर्थ बदलतेस? परका होय तो चिखल!"

"आत्ता बी परका?" गोदावरीने विचारलं.

तोच प्रश्न सत्यभामाला त्या दिवशी घरी जाताना पडला होता.

"पाय," गोदावरी म्हणाली, "पहिल्यांदा परक्या म्हणतो. खाली, हळू. मंग फिरून म्हणाच लागते ना ओळ, तं फिरून आपल्या म्हणतो, वर. चिखल बी तसाच असते. नाही का वं?"

सत्यभामाने दोनदा ओठ हलवून बघितलं. आधी मिटलेलं दार, मग उघडं. तिला हे सुचलं नव्हतं. सुचलंच नसतं, कारण वर आणि खाली हे तिच्या गळ्यात नव्हतंच. आणि गोदावरीलाही सुचलं नसतं, जर आधी परक्या कोणी ठेवलं नसतं. मग हे सुचलं कोणाला? ती पुन्हा गोंधळली. पण या वेळी गोंधळात बसायला बरं वाटलं.

त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. एकीने सांगितलं, दुसरीने म्हटलं. मधुकररावांनी खरखरीबद्दल एक शब्द काढला नाही. माइक दोघींच्या मध्ये सरकवला. शेवटी ते म्हणाले, "आता नावं. नाव सांगितल्याशिवाय मी पाठवणार नाही. हे कोणाचं गाणं?"

हिचं नाव तिला घेता येत नाही, तिचं हिला.

"आपआपलं तं घेता येते ना?" केशवराव म्हणाला. तो सहसा कामाचं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला.

गोदावरी माइककडे वाकली. "गोदावरीबाई तुलाराम... म्हणजे, याइचं नाव मीनं घेतलं नाही, तुमीच लिवा. मी गातो." मग तिने माइक डावीकडे ढकलला.

स्वतःचं नाव कोणापुढे मोठ्याने म्हटल्याचं सत्यभामाला आठवत नव्हतं. लग्नात भटजींनी म्हटलं होतं, मतदानाच्या दिवशी मास्तरांनी. गोदावरीने तिला कोपराने ढोसलं. आज ओळ तिकडून आली, बोलून नव्हे, पण आली.

"सत्यभामा," ती म्हणाली. फुटक्या मडक्यासारखं. "मी... मागं बसतो."

"मागं नाही," गोदावरीने दटावलं. "बाजूले."

"बाजूले बसतो."

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते रेडिओवर लागलं. भैय्याजींच्या ओसरीवर गाव जमलं. गाणं पुरं लागलंच नाही, मध्येच कापलं आणि लगेच बाजारभाव सुरू झाले. पण गोदावरीच्या आवाजाआधी ती खरखर होती. आणि आधी दोन नावं होती, ज्यांची त्यांच्याच तोंडची. सत्यभामाचा आवाज आला तसा गोठ्यातला एक बैल खरंच हंबरला, असं रुखमिणी पुढे सांगायची. शकुनबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तं आधीच सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते तिला कोणी विचारलं नाही.

पुढे वरठीला पोलादाचा कारखाना आला. रुखमिणीचा मुलगा तिकडे मोटारसायकलवर जायला लागला, आणि त्याच्या बापाचं स्टेशनवरचं गाणं जुनं झालं. ओळीतल्या नव्या सुनांना चहा पिणारा वासुदेवराव ठाऊकच नव्हता. मग त्यात मोटारसायकल घालायची की नाही यावरून दोघींची एक अख्खी दुपार गेली. शब्द लांब आहे, सत्यभामा म्हणत होती. मी पुरवतो ना, गोदावरी म्हणत होती, तू घाल तर. भंडाऱ्याहून कोणी मुलगी माहिती घ्यायला आली होती, तिने धुऱ्यावरून विचारलं, "बाई, हे गाणं तुमच्यापैकी नेमकं कोणाचं?"

सत्यभामाने कंबर सरळ केली. विचार केला. खरोखर केला, दर वेळी करायची तसाच.

"मालूम नाही," ती म्हणाली. मग गोदावरीकडे वळून, "ऐक वं भुजली, 'फटफटी' म्हणून पाय. फटफटी बसते."